रेश्मानं सांगितलं ते

६ जानेवारी, सोमवार

मी नुसतं ‘बरं बरं’ म्हणालो! एवढी मोठी गोष्ट ती सांगते आहे आणि मी — बरं बरं!

रेश्मा कामावर येऊन आठवडासुद्धा झालेला नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर मला उठवायला, बसवायला, बाथरूमपर्यंत न्यायला माणूस हवं म्हणून मुलानं, धैर्यशीलनं, पुण्यातून फोनाफोनी करून इथली उंब्रजचीच बाई लावून दिली. सकाळी येते, दिवेलागणीला जाते. आज मला पलंगावरून उठवायच्या आधी ती तशीच उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

“आबा, एक सांगायचं हाय. मला दिवस गेल्यात. तिसरा सरंस्तवर कुणाला सांगत न्हाईत आमच्यात. पण मागच्या खेपेला कराडात एका आजींकडं कामाला व्हते. काम जाईल म्हणून सांगितलंच न्हाई. उचलत ऱ्हायले त्यांना. मंग... ऱ्हायलं न्हाई. म्हणून औंदा म्हणलं, मालकाला आधी सांगावं.”

मी बरं बरं म्हणालो. मग तिनं माझ्या काखेत हात घालून मला उचललं. आणि मी उचलू दिलं! हे लिहितानाच ध्यानात येतंय.

७ जानेवारी, मंगळवार

मालक कोण? मी की धैर्यशील? लावली त्यानं, काढणारही तोच. म्हणजे बिचारीनं चुकीच्या माणसाला सांगितलं. आणि तिच्या लेखी सांगून झालंय, ती मोकळी!

दुपारी त्याचा फोन. “आबा, नीट उचलते ना बाई? दणकट बघूनच घेतलीय.”

म्हणालो, “दणकट आहे.”

फोन ठेवल्यावर तिला विचारलं, त्याला कळवू का? भांडं घासता घासता म्हणाली, “आत्ताच नको. तुमाला सांगितलंय न्हवं, आता तुमीच बगा.”

मी काय बघू? सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कुणाच्या पाटाला पाणी सोडायचं ते वरचे ठरवायचे, मी लिहून घ्यायचो. माझी बायको अंजना असती तर तिनं एका वाक्यात निकाल लावला असता.

८ जानेवारी

एवढं मात्र ठरलं. तिनं मला उचलायचं नाही. माझं मी उठायचं.

कोपरावर जोर देऊन दोनदा उठलो, दोनदा उताणा. ती धावत आली. “आवं आबा! पडला तर सगळं गाव माझ्या नावानं बोंबलंल!”

“मग तू लांब उभी राहून बोंबल. हात लावायचा नाही.”

१० जानेवारी, शुक्रवार

जमलं! आणि कशानं जमलं तर — भुजंगप्रयातानं!

वॉकर पुढे सरकवायचा, मग एक पाय, मग दुसरा. लघु, गुरू, गुरू. लघु, गुरू, गुरू. सातवीत मास्तरांनी टेबलावर छडी वाजवून शिकवलेलं वृत्त, ते इतक्या वर्षांनी पायात उतरलं. पाठ असलेल्या कविता एकामागून एक काढल्या. कडवं संपलं तेव्हा दाराशी होतो. खिडकीतून ऊन, मास्तरांच्या धोतराचा निळीचा वास, पावसात भिजलेलं दप्तर — सगळं आलं.

रेश्मा मागून, हात न लावता. “काय पुटपुटताय?”

“वृत्त.”

“मला शाळंत व्हतं की ते. लय मार खाल्ला त्याच्यापायी.”

“मग म्हण माझ्याबरोबर.”

म्हणाली! खुदुखुदु हसत, पण चाल बरोबर धरली.

१४ जानेवारी, संक्रांत

अंगणापर्यंत गेलो. साखर कारखान्याकडून मळीचा वास आला तशी रेश्मा तोंडाला ओढणी लावून परसात पळाली. धैर्यशीलच्या वेळी अंजनाचं हेच. सबंध हंगाम नाकाला पदर. मी तिच्यावर दोन ओळी केल्या होत्या, तर म्हणाली, “कविता पुरे, आधी खिडकी लावा.”

तिळगूळ देताना रेश्मानं वाकून नमस्कार केला. म्हटलं, वाकू नकोस गं.

१६ जानेवारी, गुरुवार

घोळ झाला. शेजारच्या ज्ञानूनं मी अंगणात चालतानाचा व्हिडिओ काढून धैर्यशीलला पाठवला. कौतुकानंच.

फोनवर त्याचा आनंद मावेना. “आबा, तुम्ही तर पळायला लागलात! मग बाई कशाला आता? महिनाअखेर बंद करू. रविवारी आम्ही दोघं येतो, बघतो.”

आता सांगा! चाललो तर तिचं काम जातं. नाही चाललो तर तिला मला उचलावं लागतं. मी कसं वागावं? पलंगावर पडून छताकडे बघतोय. एकही कविता सुचत नाही.

१७ जानेवारी

रेश्माला सगळं सांगितलं. म्हणाली, “रविवारी जरा कण्हा की मंग.” दोघं हसलो. मग ती हसायची थांबली. तिच्या नवऱ्याचं काम हंगामापुरतं. चैत्रापासून घर तिच्यावरच.

१९ जानेवारी, रविवार

धैर्यशील आणि सूनबाई संयोगिता दहाच्या सुमाराला आले. मी खुर्चीत, गुडघ्यावर शाल. कण्हत होतो. शाळेच्या नाटकात मला भालदाराचं काम का देत असत, ते आज कळलं.

“बरं वाटत नाही का आबा? रेश्मा, उठव बरं त्यांना. बघू तर कसे चालतात.”

ती पुढे आली. दोन्ही हात पुढे केले. मी वॉकर शोधतोय — तो धैर्यशीलनंच भिंतीला लावून ठेवलेला! तिचे हात काखेपाशी आले आणि थांबले. मागे घेतले तिनं.

“न्हाई उचलणार मी, साहेब. मला दिवस गेल्यात. काम काढायचं तर काढा. पर उचलणार न्हाई.”

धैर्यशील माझ्याकडे बघायला लागला. “आबा, तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“मला तू वाटलास तेवढा मालक वाटला नाहीस,” असं काहीतरी विचित्र बोलून गेलो. त्याला समजलं नाही. मलाही नाही.

तो म्हणाला, “तिच्याच भल्याचं सांगतो, या दिवसांत असलं काम नको. बघू महिनाअखेर.” वाईट नाही तो. पण ‘बघू’ म्हणाला.

संयोगिता रेश्माकडे नुसती बघत राहिली, मग उठून परसात गेली ती बराच वेळ आलीच नाही. जेवताना पोळी अर्धी टाकली. डिसेंबरात नव्या कंपनीत लागल्यापासून ती अशीच असते म्हणे, सारखं मोबाईलमध्ये डोकं. रागावली असणार, मी लपवलं म्हणून.

२० जानेवारी

रेश्मा आली वेळेवर. वॉकर पुढ्यात आणून ठेवला. लघु, गुरू, गुरू — नुसतंच, शब्दांशिवाय.

२२ जानेवारी, बुधवार

दुपारी संयोगिताचा फोन. वाटलं, झालं, संपलं रेश्माचं काम.

“आबा, तिला कुठं जाऊ देऊ नका. धैर्यशीलशी मी बोललेय. आणि जरा तिच्याकडे फोन द्या ना. मला उद्या ऑफिसात सांगायचंय. कसं सांगायचं ते तिला विचारते.”

मी म्हणालो, “काय सांगायचंय?”

पलीकडे ती हसली की रडली, कळेना. मग कळलं!

फोन रेश्माला दिला. दोघी अजून बोलताहेत.