तिसऱ्या भेटीनंतर

२३ नोव्हेंबर, रविवार

बाई, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला काही लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. सुरुवातीला वाटायचं, लिहिण्यासारखं काही घडलं की लिहीन. मग आपल्या समुपदेशन केंद्राचं काम वाढलं, नव्या समुपदेशकांना शिकवायचा तुमचा वर्ग माझ्याकडे आला, आणि तुमच्याच खुर्चीत बसून तुम्हाला पत्र लिहिणं अवघड वाटू लागलं. आजही आठवण आली म्हणून लिहीत नाही. मंगळवारी मी एके ठिकाणी जाऊन आले, आणि तिथे जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

शनिवारी दुपारी आम्ही शिकाऊ मुली तुमच्या सावेडीच्या घरी स्वयंपाकघरात जमायचो. तुम्ही मेथी निवडत बसायचात आणि आम्ही एकेकीने आठवड्यातल्या भेटी सांगायच्या. त्यातला एक शनिवार आठवतो. मी अगदी नवीन आहे. समोर बसून रडणाऱ्या एका मुलीला मी 'सगळं ठीक होईल' म्हटलं, हे मोठ्या कौतुकाने सांगते, आणि तुमचा हात मेथीवर थांबतो. "तुला कुणी सांगितलं ठीक होईल? तू काय शिंगणापूरचे शनिमहाराज आहेस?" सगळ्या हसतात, मीही हसते, पण कान तापलेले असतात. मग, गप्प बसणं किती कठीण आणि किती गरजेचं असतं हे कळावं म्हणून, तुम्ही ती गोष्ट सांगता. नेवाशाकडची एक तरुण सून. पहिल्या दोन भेटींत जेमतेम बोलली. तिसऱ्या भेटीत सगळं सांगून टाकलं आणि रडत राहिली. तुम्ही तिला आपला रुमाल दिलात आणि वेळ संपेपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. जाताना तिने रुमालाची नीट घडी घालून तो टेबलावर ठेवला. "तेव्हाच मला कळलं, हिचं रडणं संपलं. पुन्हा आली नाही. गरजच उरली नव्हती." हे सांगताना तुमचे डोळे भरून आले होते. आम्ही ते वहीत उतरवून घेतलं. पुढे मी प्रत्येक वर्गाला ते सांगत आले, रुमालाच्या घडीपाशी तुमच्यासारखीच थोडी थांबून.

यंदा केंद्राने एक अभ्यास हाती घेतला आहे. ज्यांनी मध्येच येणं बंद केलं, त्यांना, त्यांची तयारी असेल तर, भेटून विचारायचं की का थांबलात. इतक्या वर्षांत हे आपण कुणालाच विचारलं नव्हतं. आला नाही म्हणजे बरा झाला असं धरून चालायचो. मंगळवारी नेवाशापलीकडच्या एका गावात, ओसरीवर, माझ्याच वयाच्या एक बाई कांद्याच्या रोपांच्या जुड्या बांधत बोलत होत्या. मोठ्या मॅडमनी, म्हणजे तुम्ही, रुमाल दिला होता असं त्या म्हणाल्या आणि माझं लिहिणं थांबलं. मी विचारलं, तो घडी करून ठेवलात का? प्रश्नावलीत हा प्रश्न नव्हता.

"मंग? त्यांचा रुमाल हुता. घरी घिऊन येऊ व्हय?" त्या हसल्या. एक जुडी बांधून झाली, दुसरी हातात घेतली. "खरं सांगू का ताई. जे आईलाबी सांगितलं नव्हतं ते त्यांच्यापुढं बोलले. आन् त्या काईच बोलल्या न्हाईत. नुसत्या बघत बसल्या. मला वाटलं, ऐकून माझी किळस आली त्यांना. मंग कोनत्या तोंडानं जायचं परत?"

"नंतर कुणाशी बोललात?"

"कुनाशी बोलनार? एवढ्या शिकल्याल्या मानसाला सोसलं न्हाई, ते दुसऱ्याला काय सोसनार." मग त्यांनीच विचारलं, "कशा हायेत मोठ्या मॅडम?" तुम्ही गेल्याचं मी सांगितलं. "आरं देवा. मानूस लई चांगलं हुतं. पंखा माझ्याकडं करून द्यायच्या, आन् सोता घामाघूम."

तुमचं गप्प बसणं मी अनुभवलं आहे. माझे वडील गेले त्या आठवड्यात तुम्ही मला समोर बसवलंत, चहा केलात आणि काही विचारलं नाहीत. तेवढा आधार मला दुसऱ्या कुणाचा वाटला नव्हता. पण त्याआधी तुमचं रागावणं, तुमची थट्टा, तुमचं फोनवर भाजीवाल्याशी भांडणं, हे सगळं मी ऐकलेलं होतं. तुम्ही गप्प बसलात तरी मनात काय आहे ते मला कळायचं. त्यांना ते कुठून कळणार? त्या तिसऱ्यांदाच आल्या होत्या, आणि त्यांच्या घरी त्यांच्याशी बोलणं टाकायचे ते शिक्षा म्हणूनच. हे मला त्या ओसरीवर सुचलं नाही, परतीच्या एसटीत सुचलं.

अहवालाच्या मसुद्यात मी लिहिलं, 'संवादाच्या अपेक्षांमध्ये तफावत आढळते.' त्यात कुणाचंच नाव येत नाही, म्हणून मला ते वाक्य आवडलं. शुक्रवारी वर्गात एकीने विचारलं, "मॅडम, ती रुमालाची गोष्ट सांगणार ना? आधीच्या बॅचच्या मुली सांगत होत्या." मी सांगितली. होती तशीच सांगितली. तुमचं नाव राखायला, असं घरी येईपर्यंत स्वतःला समजावत होते. नाव माझंही होतं.

पण हे पत्र त्यासाठीही नाही. त्या 'किळस' म्हणाल्या तेव्हा ते खरं नाही हे त्या ओसरीवर फक्त मला माहीत होतं. तुमचे भरून आलेले डोळे मी पाहिले होते. तेवढं सांगायचं तर ते मला कसं ठाऊक हेही सांगावं लागलं असतं: की त्यांचं रडणं आपण स्वयंपाकघरात मांडलं, आणि त्यांना न विचारता नगरच्या कितीतरी वर्गांत मी ते वाटलं. म्हणून मी मान हलवली, लिहून घेतलं, चहा संपवला आणि निघाले. त्यांनी पुन्हा एकदा सगळं सांगितलं होतं, आणि पुन्हा समोरचं माणूस काही बोललं नव्हतं. या वेळी ते गप्प बसणं शिकवलेलं नव्हतं, बाई. मी घाबरले होते.

उद्या: नेवाशाकडच्या त्या बाईंना फोन. तुम्हाला त्यांची किळस आली नव्हती हे सांगायचं, आणि मला ते कसं माहीत, तेही.