तीन वाजताची पाठ

८ जानेवारी
पोचले एकदाची! तोरिगोएबाई स्वतः छत्री घेऊन स्टेशनवर उभ्या होत्या. वय बहात्तर, पण माझी जड बॅग त्यांनी हिसकावूनच घेतली आणि बर्फातून तरातरा पुढे निघाल्या. मासळीचा कारखाना बंद पडला आणि मी एक्केचाळिसाव्या वर्षी मालिश शिकायला निघाले, तेव्हा सगळे हसले होते. शाळेची अडीच वर्षं झाली. आता परीक्षेपर्यंत बाईंच्या हाताखाली काम. खोली ऊबदार आहे, खिडकीतून गरम झऱ्यांची वाफ दिसते. जेवायला मिसोचं सार आणि मुळ्याचं लोणचं होतं. माझे अंगठे चाचपून बाई म्हणाल्या, हिसाए, या अंगठ्यांचं सोनं करू आपण.

१२ जानेवारी
सकाळपासून पाच जण झाले. टोफूवाल्याची सासू अठ्ठ्याऐंशीची आहे आणि देवळाच्या पायऱ्या दोन-दोन चढते! इथली सगळीच म्हातारी माणसं काठीसारखी ताठ. बाई शिकवतात : बोटाने रेटू नकोस, अंगाचा भार सोड, आणि तोही रोग्याचा श्वास सुटताना.
दुपारपर्यंत माझीच कंबर धरते. बाई म्हणाल्या, दुखणं जिरत नसतं गं, जागा बदलतं. त्यावर उपाय तीन वाजता. मागच्या खोलीत मिनेगिशीकाका पालथे निजलेले असतात, डोक्यावर टॉवेल. अर्धांगाने वाचा गेली आहे त्यांची. शेवटी दोन्ही तळवे त्यांच्या पाठीवर ठेवायचे आणि श्वासाशी श्वास जुळेपर्यंत उचलायचे नाहीत. मी उठले तेव्हा माझं अंग पिसासारखं हलकं झालं होतं. गुणगुणतच जिना चढले.

१९ जानेवारी
मिनेगिशीकाका येतात तरी कधी? दाराशी त्यांचे बूट कधीच नसतात. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, तू कामात असतेस, ते मागच्या दाराने येतात.
जाऊन पाहिलं. मागच्या दारापुढे कमरेइतका बर्फ आहे. एक पाऊल उमटलेलं नाही.

२३ जानेवारी
टोफूवाल्याच्या सासूची पाठ दाबताना सहज मिनेगिशीकाकांचा विषय काढला. ती म्हणाली, अगं तो जाऊन तीन वर्षं झाली, राखेतली हाडं चिमट्याने मीच नाही का उचलली! मग चटकन तोंडावर हात नेला. बाईंना सांगू नकोस हं पोरी, म्हणाली.
तीन वाजता चादरीबाहेर आलेला हात नीट पाहिला. पुरुषाचा नाही, कुणा तरुण बाईमाणसाचा आहे. अंगठ्याच्या पेरावर घट्टा आहे. आमच्या धंद्याचा.

२४ जानेवारी
दारावर कुणी आलं म्हणून बाई उठल्या, तेवढ्यात टॉवेल उचलला. तिशीची असेल. जबडा असा आवळलेला की शब्द फुटत नाही. नाव विचारलं. तिने माझ्या तळहातावर बोटाने अक्षरं काढली. चि-गु-सा. मग सावकाश : मी-प-ण-शि-का-ऊ.
अख्ख्या गावाचं दुखणं त्या एका अंगात कोंबलेलं आहे. आणि बारा दिवस ते कोंबत होते मी. वर गाणी गुणगुणत होते.

२५ जानेवारी
चौकीत गेले. हवालदाराने चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ताई, गेल्या वर्षी मला मोजे घालता येत नव्हते. आता बघा. आणि वाकून दोन्ही तळवे जमिनीला टेकवून दाखवले.
घरी पोचण्याआधीच बाईंना कळलं होतं. रागावल्या नाहीत. माझ्या ताटात मासा वाढत म्हणाल्या, एकीने सोसायचं, म्हणजे गाव चालतं. तुला तर सोसायचंही नाही, नुसतं पुढे द्यायचं. त्यात कसले एवढे नखरे?
एकटी पळाले असते. पण चिगुसा —

२८ जानेवारी
तीन दिवस तीन वाजता हात नुसते ठेवल्यासारखे करते. देत नाही. सगळं माझ्यातच साचतंय. मान वळत नाही. आज जिना बसून उतरले.
बाई रोज अकराला न्हाणीघरात जातात. तासभर. गाडी बारा चाळीसची.

२९ जानेवारी
स्टेशनची खोली. आतून कडी लावली आहे. चिगुसाला कशीबशी पाठुंगळी आणलं. वाटेत एकेक दार उघडत गेलं. कुणी अडवलं नाही, ओरडलं नाही. नुसते मागून चालत आले.
आता बाहेर रांग लावून उभे आहेत. पुढे टोफूवाल्याची सासू. काचेवर टिचकी मारते. म्हणते, फक्त कंबर गं पोरी. एकदाच. जाण्याआधी.
गाडीला वीस मिनिटं —

पाठीत कळ. नवी. येताना चिगुसाचे तळवे माझ्या पाठीवर होते. वाटलं, आधाराला धरलंय. तिचा श्वास माझ्या श्वासाबरोबर — सगळा रस्ताभर —

बोटं मिटत नाहीत. पेन्सिल दोन्ही हातांत धरून —

चिगुसा उठून बसली.

उभी राहिली. ताठ. केवढा आळस दिला! मला रडू आलं. खरंच, आनंदाने —

म्हटलं, गाडी येईतो बस जवळ. ती बोलली. गोड आवाज आहे. म्हणाली, माफ कर ताई, पण बाहेर फार थंडी आहे. माणसं ताटकळलीत.

कडीला हात —

चिगुसा नको, गाडीचा आवाज येतोय, ऐक, दोन मिनि