तुझा दमा माझ्या नावावर

आई,

तुझे हॉस्पिटलचे कागद मी कोर्टात दिले. लोखंडी ट्रंकेत तुझ्या दोन साड्यांच्या खाली बाबांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवले होते: केसपेपर, एक्स-रे आणि शेवटचा तो दाखला. बाबा गावी परत गेले तेव्हा ट्रंक माझ्यापाशी राहिली. इतकी वर्षं त्या पिशवीची गाठ कोणी सोडली नव्हती. मी सोडली, कागदांच्या झेरॉक्स काढल्या आणि एका याचिकेला जोडल्या. तेव्हा तुला मनातल्या मनातसुद्धा विचारलं नाही. आज सांगतोय, कारण शनिवारी वडाळ्याच्या खोलीचं अ‍ॅग्रीमेंट आहे, त्याआधी मला एका माणसाशी खरं बोलायचंय, आणि ते जमत नाहीये.

तुला माहीत नाही ते आधी सांगतो. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी एक साथ आली आणि सगळ्या मुंबईला तोंडावर मास्क बांधायची सक्ती झाली. बिनामास्कचे दिसलात की मार्शल पावती फाडणार. मी तेव्हा लॉच्या तिसऱ्या वर्षाला होतो, म्हणजे घरी बसून मोबाइलवर लेक्चर ऐकत होतो. कलमं नवी नवी पाठ झालेली, त्यामुळे डोकं कायम तापलेलं. पुढाऱ्यांच्या सभेला उघडी तोंडं चालतात आणि पावती फाटते ती भाजीवालीची, हे मला सहन व्हायचं नाही. माणसाला दंड लावायचा तर कुठल्या कायद्याने लावताय ते त्याला सांगा, एवढंच माझं म्हणणं होतं, आणि ते आजही आहे. दादरला फुलबाजाराच्या तोंडाशी मी चहा पीत उभा होतो, मास्क हनुवटीवर, आणि शेजारी ती. ती म्हणजे माझ्या वर्गातली, वरळीच्या कोळीवाड्यातली. वर्षभर मी तिच्यासाठी झुरत होतो आणि तिला ते दिसत नव्हतं, किंवा दिसत असून ती तसं दाखवत नव्हती.

"मास्क खाली आहे. पावती फाडावी लागेल," मार्शल म्हणाला.

"तोंडात चहा आहे. मास्कवरून ओतू काय?"

"ते मला नका सांगू. नाव बोला."

"आधी कलम दाखव."

तो माझ्याच वयाचा होता. घामाने त्याचा स्वतःचा मास्क ओला झाला होता. "भाऊ, मला दिवसाच्या पावत्या ठरवून दिल्यात. कलम वरती साहेबाला विचार ना. माझं डोकं का खातो?"

ती हळूच म्हणाली, "अरे देऊन टाक ना, कशाला तमाशा." आता तिच्यासमोर देऊन टाकायचं म्हणजे संपलंच. मी त्याच्या पावतीपुस्तकावर हात ठेवला, त्याने शिट्टी मारली, आणि पुढचे दोन तास मी चौकीतल्या बाकावर बसून काढले.

त्या दोन तासांनी मी वर्गात हिरो झालो. कोणीतरी मला गिरगावातल्या एका वकिलांकडे नेलं. ते या सक्तीविरुद्ध याचिका करत होते आणि त्यांना याचिकाकर्ता म्हणून एखादा विद्यार्थी हवा होता. मी तावातावाने मूलभूत हक्क सांगायला लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पटत नाही हे कारण नाही रे बाळा. कोर्ट विचारणार, तुला स्वतःला त्रास काय?"

"अपमान झाला माझा."

"त्याने भागत नाही. मास्क घातला की श्वास लागतो का?"

"नाही."

"घरात कोणाला दमा?"

"आईला होता. ती त्यातच गेली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कागद आहेत?"

दोन दिवसांनी प्रतिज्ञापत्र तयार होतं. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं की मला आईकडून आलेला जन्मजात श्वसनविकार आहे आणि मास्कने माझ्या जिवाला धोका होतो. खाली, वरील मजकूर खरा आहे अशी शपथ. मी ते दोनदा वाचलं. शपथेवर खोटं लिहिलं तर काय होतं हे तिसऱ्या वर्षाच्या पोराला माहीत असतं. पण मला वाटलं, लढाई खरी आहे ना, मग एक परिच्छेद खोटा असला तर काय बिघडलं. मी सही केली.

तुझा दमा जन्माचा नव्हता, आई. तो लालबागच्या मसाला कुटायच्या डंकावरचा होता. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला कुटून न्यायला बायका यायच्या, आपली मिरची दुसरीच्या मिरचीत जाऊ नये म्हणून पदर नाकाला लावून डंकापाशीच बसून राहायच्या, आणि तू आत चाळणीवर. जुन्या साडीचं फडकं नाकातोंडावर घट्ट बांधलेलं, वर फक्त डोळे. शाळा सुटली की मी खोलीची किल्ली घ्यायला यायचो आणि गल्लीतूनच शिंकायला लागायचो. मी दारात उभा राहतो, तू फडक्याआडून काहीतरी विचारतेस, आणि मी हट्टाने उत्तर देत नाही. मला तुझं तोंड दिसायला पाहिजे. बरोबरची पोरं म्हणतात, तुझी आई डाकू आहे. आठ वर्षांचा असताना एकदा मी ते फडकं खेचून गटारात टाकलं, तेव्हा तू सगळ्या बायकांसमोर माझ्या पाठीत धपाटा घातलास. "ह्या फडका बांधतंय म्हणान तुका शाळेत धाडतंय. त्याका हसू नको." पण दुसऱ्या दिवसापासून मी दारात दिसलो की तू फडकं गळ्यात ओढून घ्यायचीस. किल्ली द्यायचीस, आणि आज शाळेत काय झालं ते माझं सांगून होईपर्यंत त्या लाल धुरळ्यात उघड्या तोंडाने उभी राहायचीस. असं तीन वर्षं चाललं, आणि मी काही थोडक्यात सांगणारा पोरगा नव्हतो. पुढे परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तोंडाला काही बांधत नव्हता का, तेव्हा तू म्हणालीस, "बांधी होतंय. मधी मधी सुटता." मी पलंगाच्या पायथ्याशी होतो. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

आणि मी शपथेवर लिहून दिलं की हे जन्मजात होतं. म्हणजे डंक सुटला, मिरची सुटली, मीही सुटलो.

याचिकेची प्रत मी मिरवत तिला दाखवली. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, दोघांच्या मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा सोडून. तिचे बाबा नुकते त्या रोगातून उठले होते, महिनाभर ऑक्सिजनवर होते, म्हणून ती कोणाच्याच जवळ बसायची नाही. मला वाटलं ती म्हणेल, काय डेअरिंग आहे रे तुझी. तिने सगळं वाचलं, मागे जोडलेले तुझे कागद वाचले, आणि तिचे डोळे भरून आले.

"मला का नाही सांगितलंस?"

त्या क्षणी काय म्हणायला हवं होतं ते मला कळत होतं. मी म्हणालो, "तुला उगाच काळजी कशाला."

ती मधली जागा ओलांडून आली आणि तिने माझा हात धरला. वर्षभर मी जे मागत होतो ते तुझ्या केसपेपरने मला मिळवून दिलं. तो हात मी सोडला नाही. तिथून मी अडकलो.

कॉलेज उघडलं. गेटवर म्हणाले, मास्क लावा नाहीतर डॉक्टरचं पत्र आणा. पत्र मिळणार नव्हतं, आणि मास्क लावलेला माझा एक फोटो कोणी काढला असता तर याचिका गेली असती. वकील म्हणायचे, "पुढची तारीख लागू दे, कळ काढ जरा." मी गेटवरून परत यायचो. परीक्षा बुडाली, वर्ष गेलं, आणि मग पुन्हा नाव घालायला जायची लाज वाटायला लागली. एक दिवस सक्तीच उठली. कोर्टाने चार ओळींत लिहिलं की आता हा प्रश्न उरत नाही, याचिका निकाली. माझा परिच्छेद कोणी तपासला नाही, खोडला नाही. दंडाची कलमं कोणती तेही कोणी सांगितलं नाही. मी आता त्याच वकिलांच्या ऑफिसात फायली लावतो. ती सनद घेऊन वकील झाली आहे, आणि माझी फाईल तिने जपून ठेवली आहे.

तिच्यासाठी मी आजारीच आहे. तिने मला डॉक्टरकडे नेलं, त्यांना छातीत काही सापडलं नाही, तर तीच म्हणाली, बरोबर आहे, दमा काय रोज असतो का. तिच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा तिच्या आईने मला ठसका लागू नये म्हणून चुलीवरचा जवळा उतरवला. तिची आई दादरला मासे विकते, आवाज आतून गल्लीपर्यंत जातो. आणि तिच्या बाबांनी मला बक्षीस दिलं. हॉस्पिटलातून त्यांना दिलेलं प्लॅस्टिकचं यंत्र, तीन नळ्या, तीन निळ्या गोळ्या. नळीतून श्वास आत ओढला की गोळ्या वर जातात. त्यांनी ते गरम पाण्याने धुऊन, पुसून, माझ्या हातात दिलं.

"फुंकायचं नाय, पोरा. ओढायचं. हलू हलू."

मी ओढलं. दोन गोळ्या टणकन वर गेल्या आणि तिसरी हलायला लागली. मी घाईने ओठ सैल सोडले.

"दोन आल्या," ते खूश झाले. "मला पहिल्या दिवशी एक पण हलंना. तिसरीला तीन महिने लागले. तुझी पण येल."

तिची आई म्हणाली, "बसले दोघे नल्या ओढत. घरात धडधाकट म्हणून एक मी आन् एक मांजर."

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता थोडा खोकलो. गेली तीन वर्षं मी दर रविवारी त्यांच्यासमोर दोनच गोळ्या उचलतो.

हे असंच चाललं असतं. पण लग्न ठरलं, आणि तिच्या बाबांनी राहत्या घरावर दोन खोल्या बांधल्या. खाली अंगणात तिच्या आईची सुकी मासळी, वर आम्ही. एकुलती एक पोरगी डोळ्यांसमोर राहील म्हणून माणसाने नवी होडी घ्यायची सोडून त्या भिंती उभ्या केल्या. ती म्हणाली, "नाही जमणार, बाबा. खालून सुक्या मासळीची भुकटी येणार. त्याला काही झालं तर?" ते म्हणाले, "चार पिढ्या ह्याच हवेत वाढल्या. जावयाला तेवढी माझ्या घराची हवा चालंना?" ती म्हणाली, "तुम्हाला तरी कळायला पाहिजे होतं." त्याला आज तीन आठवडे झाले. बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. तिने वडाळ्याची खोली शोधली. खिडक्या मोठ्या आहेत, धूळ नाही. माझ्या छातीसाठी.

काल दुपारी ऑफिसातून निघून मी वरळीला गेलो. ठरवून गेलो होतो की आधी त्यांना सांगायचं, मग तिला. ते ओट्यावर जाळ्याला ठिगळ घालत बसले होते. आता समुद्रावर जाववत नाही, दुसऱ्यांची जाळी विणतात.

"काका, एक सांगायचंय."

"बस आधी. उन्हातनं आलास." त्यांनी जाळं बाजूला केलं. "तू नको बोलू, मीच बोलतो. तिला मी बोललो ते रागात बोललो. श्वास मिलत नाय तवा माणसाला काय होतं ते माझ्यापेक्षा कोणाला कलतं? जा तुम्ही चांगल्या हवेला. मी आज फोन करतो तिला. वरच्या खोल्या देईन कोणाला भाड्याने."

हे बोलताना त्यांना दोनदा श्वासासाठी थांबावं लागलं होतं, खरोखरचं. आतून तिच्या आईने विचारलं, "चा ठेवू?" मी म्हणालो, "ठेवा." चहा प्यालो. निघालो. संध्याकाळी तिचा फोन आला, बाबांचा फोन आला होता म्हणून ती रडत होती, आनंदाने. म्हणाली, "बघ, तुझ्यामुळे ते पहिल्यांदा स्वतः नमले."

वरळीहून परत आलो तेव्हा आपल्या चाळीचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर मी थांबलो. कठड्याला हात टेकला, ओठ मिटले, नाकाने हळू श्वास घेतला, तू घ्यायचीस तसा, खांदे वर करून, आणि चारपर्यंत मोजलं. मग उरलेल्या पायऱ्या चढलो. खोलीचं दार उघडल्यावर माझ्या लक्षात आलं की जिन्यावर कोणी नव्हतं.

आज रजा काढून मी तिलाच लिहायला बसलो होतो. 'मला दमा नाही, कधीच नव्हता' एवढी एक ओळ लिहिली आणि हात पुढे सरकेना. म्हणून दुसरा कागद घेतला, त्यावर आई लिहिलं, आणि हे सगळं भराभर आलं, कारण तू काही विचारणार नाहीस. ते माझ्या सोयीचं आहे. तो एका ओळीचा कागद इथेच शेजारी आहे. फाडलेला नाही. वर तिचं नाव घालायचं तेवढं राहिलंय.