सुरू करण्याआधी आईने विचारलं

१४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तुम्ही सगळे मजेत असाल. इकडे आईची भूक सुधारली आहे, बाल्कनीचं दार सुताराने अखेर नीट बसवून दिलं, मीही बरी आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू माझं बोलणं मधेच तोडतोस, म्हणून.

आमचा रविवारचा खेळ तुला माहीत आहे. मी गोष्ट रचते, बाकीचे त्यातली माणसं होऊन बोलतात आणि अडलं की फासे टाकतात. गेल्या रविवारी नवी गोष्ट सुरू व्हायची होती. नेमकी माझी ऑफिसातली मैत्रीण तापाने पडली, म्हणून तिच्या जागी आईला बसवलं. म्हटलं, तेवढाच विरंगुळा.

सुरुवातीला कुणाला किती सांगायचं, ही माझी नेहमीची डोकेदुखी. खालच्या दुकानातले चष्मेवाले काका तर कानात बोटं घालतात. "तलवार कुठे आहे तेवढं सांग, बाकी मजा घालवू नकोस." काकूंना नियम सगळे हवेत, पण पुढचं काही कळलेलं चालत नाही. आईचं मी गृहीतच धरलं होतं. तिला कशाला जास्त सांगून घाबरवायचं?

"तू नदीकाठची नावाडीण आहेस," एवढंच म्हटलं. तिने चष्मा लावला आणि माझा नकाशा ओढून घेतला. नोकरीभर नकाशे काढलेली बाई ती. "तुझी नदी डोंगर चढते आहे," म्हणाली आणि पेन्सिलने नदी वळवली. काका हसून हसून बेजार. मग तिचे प्रश्न सुरू झाले. घरी कोण कोण? होडी कुणाची? पलीकडच्या तीरावर कुणी का जात नाही?

"ते खेळता खेळता कळेल, आई."

"त्या बाईला माहीत आहे का?"

"तिला असणारच. तिथेच वाढली ती."

"मग मला का नाही? तिच्या जागी मी बसणार ना? आधी सगळं सांग. काय करायचं ते मी बघते."

रागावली नव्हती ती. मी सांगितलं, पलीकडे रोगाची साथ आहे. तिने मान डोलावली, आणि मग दुपारभर अशी खेळली की काका तलवार विसरले. फासे उलटे पडले तरी औषधाची होडी तिने पलीकडे नेलीच.

सगळे गेल्यावर आम्ही कप विसळत होतो. ती म्हणाली, "छोटे, माझ्या गाठीचं काय लपवताय तुम्ही?"

दादा, आपलं ठरलं होतं. ऑपरेशन होईपर्यंत साधी गाठच म्हणायचं, तिला झेपणार नाही. ठरलं होतं म्हणजे तू ठरवलंस आणि मी हो म्हटलं. पण तिच्या तोंडावर खोटं बोलणं मला जमलं नाही. कॅन्सर आहे, असं मी सांगून टाकलं.

ती स्टुलावर बसली. नळ वाहतच होता. तोही शेवटी तिनेच उठून बंद केला.

"त्याला माहीत आहे?"

"हो."

"तरीच हल्ली फोनवर इतका गोड बोलतो."

मग रडली. मीही रडले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडी नेसून तयार. डॉक्टरांना सगळं स्वतः विचारलं. ऑपरेशन नाही केलं तर काय, केस गेले तर परत येतात का, एकटीला घरात वावरता येईल का. डॉक्टरही मोकळे होऊन बोलले. ऑपरेशन करायचं तिने ठरवलं आहे. पुढच्या औषधांचं तेव्हाचं तेव्हा बघेन म्हणते. आणि ती आता शांत झोपते. आपल्या फोनवरच्या कुजबुजीनेच ती इतके दिवस जागी होती, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय.

तू चिडशील. चिड, पण माझ्यावर. तिला फोन करशील तेव्हा साधी गाठ म्हणू नकोस. तू ऑपरेशननंतर येणार होतास. ती म्हणते, त्याला आधी यायला सांग, मला त्याच्याशी धडपणे बोलायचं आहे.

या वेळी तुझं न ऐकलेली,
छोटी