वीतभर उचललेली गाडी

राहू, ता. दौंड
८ डिसेंबर २०२४

चि. इंद्रजीत यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण गाडीचं नाव काढलं की तुझी रेंज जाते. पत्र मधेच कट करता येत नाही. आप्पा मला दौंडच्या वसतिगृहात पत्रं लिहायचे, ती सवय अशी कामाला आली.

काल तळेगाव ढमढेऱ्याला सीमाच्या लग्नात तुझं वाहन पाहिलं. भाऊबीजेला आलास तेव्हा बरी सरळ गाडी होती. महिनाभरात तू खालून स्प्रिंगा लांब केल्यास आणि वर ट्रॅक्टरला शोभतील अशी टायरं चढवलीस. धोतर गुडघ्यापर्यंत खोचून ओढ्यात उतरायला निघालेल्या माणसासारखी ती मंडपाच्या दारात उभी होती. पण ओढा कुठाय? कवठ्यापासून शिरूरपर्यंत डांबरी आहे. तुमच्या शेताच्या वाटेनं उसाच्या भरल्या ट्रॉल्या जातात, त्यांना कुणी उंच टाचा लावून देत नाही. गाडी वळवताना ते टायर आतल्या प्लास्टिकला असं घासलं, की मंगलाष्टक म्हणणारे गुरुजी दचकून कडवं विसरले.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण आईला उतरवताना तुझ्या दोन दोस्तांनी तिच्या काखेत हात घातले आणि कांद्याचं पोतं खाली घ्यावं तसं तिला खाली घेतलं. तिचा पदर सुटला. तिसरा मोबाईल धरून उभा. चारचौघं हसली, तूही हसलास. आईसुद्धा हसली, पण तिचं हसणं तुला कळलं नाही.

सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहतोयस असं ऐकलं. मतदार गाडीची उंची मोजून मत देतात, हे आमच्या शाळेच्या पुस्तकात अजून आलेलं नाही. आल्यावर कळवीन.

सविताला आशीर्वाद. लोभ आहे. तो तुझ्या गाडीसारखा आणखी वर उचलायला नको, होता तिथंच राहू दे.

तुझी,
अनुपमाताई


कवठे येमाई, ता. शिरूर
१५ डिसेंबर २०२४

ती. सौ. अनुपमाताईस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सवितानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि नको तिथं जास्त रंगून वाचलं.

ताई, गाडीचे धडे मी कुणाकडून घ्यायचे? दाजींच्या गाडीत बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. गतिरोधक दिसला की दाजी आधी सगळ्यांना खाली उतरवतात, मग रिकामी गाडी पलीकडं नेतात. तुझ्या घरात गाडी न्हाई, चारचाकी शिंकाळं हाय.

लिफ्ट म्हणजे काय ते समजून घे. स्प्रिंगा आन् शॉकअब्सॉर्बर बदलले की गाडीचं पोट जमिनीपासनं वर जातं, दगडधोंडा लागत न्हाई. मोठी टायरं चिखलाला धरून चालतात. वळणावर जरा झुलते, ब्रेक थोडा आधी दाबावा लागतो, सवय झाली की कळतही न्हाई. आन् टायर घासतंय ते गॅरेजवाला आतलं प्लास्टिक कापून देणार हाय.

निवडणुकीत माझ्यासमोर उभा हाय मच्छिंद्र. वरच्या आळीचा, गिताबाईंचा पोरगा. त्याची जुनी बुटकी गाडी रस्त्यानं चालली की वाटतं, कुणाची तरी शेळी सुटलीय. पुढारपण करायचं तर लोकांनी मान वर करून बघायला पाहिजे. त्या शेळीकडं कोण बघणार?

आईचं म्हणशील तर तिला काही त्रास न्हाई. दर मंगळवारी गुडघ्याच्या व्यायामाला शिरूरला न्यायचो, तर दिवाळीपासनं तीच म्हणते, गुडघा मोकळा झाला, आता न्हाई जायचं. म्हणजे बरंच हाय की. तरी तिच्यासाठी एक स्टूल आणलं, त्यावर पाय देऊन चढ म्हटलं. तर म्हणाली, मला काय हळदीला बसवतो का, ठिव तिकडं.

सात तारखेला येमाईच्या देवळापुढनं प्रचार सुरू करतोय. आई पुढच्या सीटवर, नारळ तिच्याच हातचा. तू येणार न्हाईस हे ठाऊक हाय.

दाजींना नमस्कार. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा भाऊ,
इंद्रजीत


कवठे येमाई
८ जानेवारी २०२५

ती. सौ. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगायचं होतं, पण घरात कुणी ना कुणी असतं. शिवाय काय झालं ते तुमच्या कानावर कुणीतरी तिखटमीठ लावून घालायच्या आत मला नीट सांगू दे.

काल सकाळी देवळापुढं गर्दी जमली होती. गाडीला झेंडूच्या माळा, वर स्पीकर. हे पांढरे कपडे घालून फुटबोर्डवर उभे. आई नवं लुगडं नेसून आल्या. ह्यांनी वरून हात दिला. आईंनी पाय उचलला, तो पायरीपर्यंत गेलाच नाही. परत उचलला. ह्यांनी हात धरून ओढलं तसं आई कळवळल्या. तेवढ्यात लग्नातले तेच दोघे दोस्त पुढं आले, हात पसरून.

आई मागं सरल्या. म्हणाल्या, लांब व्हा, मी गाठोडं न्हाई.

आपल्या गाडीनं रस्ता अडला होता, म्हणून मच्छिंद्रभावजींची गाडी मागं थांबलेली. त्यात पुढं गिताबाई. आई सरळ चालत गेल्या, मागचं दार स्वतः उघडलं, आत बसल्या आणि पदर सावरला. मच्छिंद्रभावजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. खाली उतरून हात जोडून म्हणाले, झुंबरकाकू, आज नको, आज इंदरच्या प्रचाराचा नारळ हाय, लोक काय म्हणतील. आई म्हणाल्या, आज मंगळवार हाय न्हवं? मग चल, डाक्टरीणबाई वाट बघंल.

वन्सं, सगळ्यांना तिथंच उलगडा झाला. दिवाळीनंतर आई तशाच घरी बसून होत्या. गुडघा मोकळा वगैरे काही झाला नव्हता, त्यांना गाडीत चढता येत नव्हतं. लग्नातला तो प्रकार झाल्यावर गिताबाईंनी त्यांना गाठलं. गिताबाई पण त्याच डॉक्टरीणबाईंकडे जातात. तेव्हापासून दोघी दर मंगळवारी मच्छिंद्रभावजींबरोबर जायच्या आणि आई घरी सांगायच्या, गिताबाईकडं पापड लाटायला चाललेय. मला सुगावा लागला होता. पण त्यांनी शपथ घातली. त्याची हौस हाय, म्हणाल्या, नव्या गाडीची हौस आईनं मोडू नये.

गर्दीत कुणीतरी ओरडलं, उमेदवाराची आईच फुटली. मग काय, स्पीकरपेक्षा हसण्याचा आवाज मोठा.

हे कालपासून आईंशी एक शब्द बोललेले नाहीत. डबा मळ्यावर मागवतात. आई दारात बसून असतात, गाडीचा आवाज आला की आत जातात. तुम्ही काहीतरी लिहा. तुमचंच ते ऐकतात, ऐकत नाही असं दाखवून.

सर्वांना नमस्कार. आमच्यावर छाया असू द्या.

आपली,
सविता


राहू
१४ जानेवारी २०२५

इंद्रजीत,
आशीर्वाद.

सोबत तीळगूळ पाठवला आहे. गोड बोलायचा दिवस आहे, पण मी उद्यापासून सुरू करीन.

तू आईवर रुसलायस? तिनं तुझी नाचक्की केली म्हणून? अरे, तिला दवाखान्यात जायचं होतं. वाटेत तुझी निवडणूक आडवी उभी होती, ती वळसा घालून गेली. एवढंच झालं. आपली आई पापड लाटायला दर मंगळवारी नवं लुगडं नेसून जाते, आणि संध्याकाळी एकही पापड न घेता लंगडत परत येते, हे तुला दिसलं नाही. तुझी गाडी इतकी उंच आहे की वरून आई दिसत नाही.

आणि तो मच्छिंद्र. महिनाभर तुझ्या आईला नेत आणत होता. गावभर सांगितलं असतं तरी चाललं असतं त्याला, निवडणूकच होती. त्यानं तोंड उघडलं नाही. शेळीतून फिरतो म्हणालास ना? माणूस मात्र तुझ्यापेक्षा उंच निघाला, आणि त्याला गॅरेजला जावं लागलं नाही.

रुसायचं असेल तर त्या स्प्रिंगांवर रूस. आणि पुढच्या मंगळवारी आईबरोबर शिरूरला जा. कशात बसून जायचं ते तिला विचार.

तूर्त एवढंच. लोभ शिल्लक आहे, तो संपवू नकोस.

ताई


कवठे येमाई
२ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

पडलो. मच्छिंद्र निवडून आला. तुझ्या शाळेच्या पुस्तकाचं खरं ठरलं, आता पेढे वाट.

तुझं पत्र वाचून आधी मच्छिंद्राच्या घरी भांडायला गेलो होतो. माझ्या आईला पुढं करून राजकारण करतो का, असं ओसरीवरनंच ओरडलो. तो गोठ्यात होता. हात धुवून आला आन् म्हणाला, इंदर, तुझी गाडी उंच हाय, काकूंचा पाय तिथवर जात न्हाई. माझी आई तिकडंच जाती, गाडीत जागा हाय. यात राजकारण कुठं आलं? मग गिताबाईंनी चहा आणला. चहा पिऊन आल्यावर माणसाला भांडण आठवत न्हाई, हा मोठा तोटा हाय.

मतमोजणी झाल्यावरच्या मंगळवारी आईला विचारलं, मी येऊ का. बोलायला मी लागलोय याचं तिनं काही दाखवलं न्हाई. म्हणाली, मागं जागा हाय, यायचं तर ये.

बसलो. निवडून आलेला उमेदवार गाडी चालवतोय, पडलेला मागं दोघींच्या पिशव्या मांडीवर घेऊन. गाडी इतकी ठेंगणी की प्रत्येक खड्ड्याला माझं डोकं टपाला. दाजींची गाडी बरी म्हणायची पाळी आली, हे त्यांना सांगू नकोस. दोघी म्हाताऱ्या सगळ्या वाटेनं बोलत होत्या, हसत होत्या. माझ्या गाडीत आई इतकी कधी बोलली न्हाई. ती वरचा दांडा धरून बसायची.

दवाखान्यात एक लाकडी पायरी हाय. भिंतीला कठडा, आन् खाली ती पायरी. ताई, ती माझ्या अर्ध्या नडगीलासुद्धा लागत न्हाई. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चढा. आईनं कठडा धरला, उजवा पाय वर ठेवला आन् डावा उचलेना. थरथरायला लागला. कपाळाला घाम. बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, मधे दिवाळीनंतर खाडे झाले ना, तवा सांधा आखडला, न्हाईतर एव्हाना दोन पायऱ्या चढल्या असत्या.

मला त्या क्षणी माझा फुटबोर्ड दिसला. तो माझ्या गुडघ्याला लागतो, ताई. आन् गावासमोर मी तिला वर ओढत होतो.

मी धावत जाऊन तिचा कोपर धरला. तर माझ्याकडं न बघता म्हणाली, सोड. वढू नको. माझं मला चढू दी.

सोडला. हात मागं बांधून उभा राहिलो. लई वेळ लागला. मधे एकदा पाय खाली आला, तिनं परत उचलला. मग दोन्ही पाय त्या पायरीवर. कठडा सोडून उभी राहिली, लुगडं नीट केलं, आन् गिताबाईंना म्हणाली, बघितलं का गं, चढले.

गाडी गॅरेजला लावलीय. जुन्या स्प्रिंगा तिथल्या पोरांनी कधीच भंगारात घातल्या, आता तसल्या शोधत बसलेत आन् मला हसतात. मिळतील तवा मिळतील. गाडी खाली आल्यावर आई तिच्यात बसेल का, हे मी विचारलेलं न्हाई. पुढच्या मंगळवारी पण मागंच बसणार हाय.

सविताचा नमस्कार. दाजींना नमस्कार, चारचाकी शिंकाळ्याबद्दल तेवढं पोटात घाल. तुझी जीभ हाय तशीच राहू दे, आन् तिच्यामागची माया पण.

तुझा,
इंद्रजीत