राशीतले तीन दगड

टाकवे बुद्रुक
मंगळवार, ९ नोव्हेंबर १९२६

आज बिऱ्हाड लागलं. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे परसात पेरूचं झाड आणि त्यापलीकडे कापणीला आलेली पिवळी खाचरं. ह्यांची शाळा पन्नास पावलांवर आहे. पुण्यात नऊ माणसांच्या बिऱ्हाडात मला पाठ टेकायला कोपरा नव्हता, इथे माझी अशी एक खिडकी आहे. दुपारी कुणी पाहत नाहीसं बघून मी ती तीनदा उघडून लावली.

पाटलांकडून दूध आलं, नवे तांदूळ आले. मनू एका दिवसात ‘न्हाई’ म्हणायला शिकली. ह्यांनी तिला ओटीवर उभं करून दहादा ‘नाही’ म्हणायला लावलं. अकराव्यांदा ती म्हणाली, आता न्हाई म्हणत. मी पदरात हसले.

वन्संना माझी वही दिसलीच. पुण्यातही वही, इथंही वही, म्हणाल्या. जपून ठेव, सरणाला लाकडं कमी पडली तर उपयोगी पडेल.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

रविवारी नवमी. आवळीभोजनाला जायचं ठरलं! खिंडीपलीकडे, आंबीच्या अंगाला आवळ्याची राई आहे म्हणे. रखमाजीची बैलगाडी सांगितली आहे. तीन तासांची वाट, उजाडता निघायचं, दिवेलागणीला घरात.

वन्सं सोवळ्याची पातेली घासत बसल्या होत्या. विधवा झाल्यापासून त्या कुठे वनभोजनाला गेल्या नाहीत, हे मला आज त्यांचे हात बघताना जाणवलं. इतक्या भराभर ते हात एरवी चालत नाहीत. मनूनं विचारलं, झाडाखाली जेवायचं तर झाडाला काय वाढायचं? वन्सं चक्क हसल्या.

पाच वर्षं वाट पाहून मनू झाली. तिला अशी उड्या मारताना पाहिलं की मला उगाच दृष्ट काढावीशी वाटते.

रविवार, १४ नोव्हेंबर. आवळीखाली, दुपार

जेवणं झाली. हे उताणे झोपले आहेत, चष्मा छातीवर. वन्सं जपमाळ घेऊन बसल्या आहेत. मला लिहायला हीच वेळ.

वाट सुरेख होती. धुकं विरलं तशी खाचरं उजळत गेली. खिंडीच्या माथ्यावर दगडांची छातीइतकी उंच रास आहे. रखमाजीनं गाडी थांबवली, खाली उतरून एक दगड उचलून राशीवर ठेवला आणि हात जोडले. इकडची रीत अशी की खिंड ओलांडताना माणसानं आपला दगड ठेवायचा आणि परतताना तोच काढून बाजूला टाकायचा. जो परतला नाही त्याचा दगड तिथेच राहतो. म्हणजे ती सगळी रास न परतलेल्यांची. रखमाजी म्हणाला, “मास्तर, तुमी बी ठिवा. चार माणसं, चार दगड.” ह्यांनी हसून सांगितलं, की आम्ही संध्याकाळी परतणार आहोत, आमचं ओझं वाटेवर कशाला?

आता एक गोष्ट लिहून टाकते, मनाला लागली आहे. वन्संना चुलीला तीन दगड हवे होते. राईत नुसती लाल माती असते हे त्यांनी रखमाजीकडून आधीच काढून घेतलं होतं. गावातले दगड कुणाकुणाच्या चुलीत गेलेले, ते सोवळ्याला चालत नाहीत. या राशीतले मात्र पावसानं धुतलेले, कुणी न वापरलेले. रखमाजी पुढे जाऊन बैलांचं जू सारखं करत होता तेवढ्यात त्या मला म्हणाल्या, “घे पटकन तीन.” मी घेतले. मीच निवडले. एका मापाचे तीन शेजारी शेजारीच होते, जणू कुणी नीट लावून ठेवलेले. गोणपाटाखाली ठेवले.

स्वयंपाक छान झाला. फक्त भात रटरटत असताना एक दगड मोठ्यानं फुटला, मग दुसरा, मग तिसरा. मनू टाळ्या वाजवत होती. तेवढ्यात बैलांना पाणी पाजून रखमाजी आला. चुलीकडे बघून त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं आणि हातात धरून उभाच राहिला. पानावर बसला नाही.

सोमवार, १५ नोव्हेंबर. खिंडीखालची वाडी

घरी पोचलो नाही. काल उन्हं असतानाच खिंडीत आलो आणि बरोबर राशीपाशी आस मोडला. खड्डा नाही, चढ संपलेला, रिकामीच म्हणावी अशी गाडी. रात्र गाडीतच काढली.

सकाळी चालत निघालो. राशीपाशी पाय जड झाले. भीतीनं नाही, खरोखर जड, गाळात रुतल्यासारखे. रखमाजी एकटा सहज पलीकडे जातो. त्यानं मनूला खांद्यावर घेतलं तर त्याचाही पाय उचलेना. उतरवली की चालतो. “येका बिऱ्हाडाचं वझं येकच आसतंय,” म्हणाला, आणि आमच्याकडे असं पाहिलं की मी मनूला जवळ ओढलं.

खाली चार झोपड्यांची वाडी आहे. आम्ही दिसताच बायकांनी विहिरीवरचा दोर आणि पोहरा काढून घरात नेला. झुंबरबाई म्हणून एक म्हातारी आहे, ती धापा टाकत खिंड चढून गेली, रास चाचपली आणि खाली येऊन माझ्यासमोर थुंकली. तिचा मुलगा लढाईत बसऱ्याला गेला तो आला नाही. त्याचा दगड जागेवर आहे. म्हणाली, माझा हौशा हाय तितंच, न्हाईतर हितंच तुमास्नी उभं चिरलं आसतं.

आज शाळा उघडली असेल. मुलं ओटीवर वाट बघत असतील. हे सुताराला आणायला आंबीकडे एकटेच गेले आहेत.

मंगळवार, १६ नोव्हेंबर

हे काल तिसऱ्या प्रहरी परतले. सुताराशिवाय. राईपर्यंत गेलो, मग परत फिरलो, एवढंच म्हणाले. तळहात काळेभोर होते, चुलीच्या काजळीसारखे. मी राखेनं घासून दिले. निघत नाही.

चष्मा नाही. विचारलं तर म्हणाले, दिसतंय की. लांब बांधावरच्या बगळ्याचे पाय त्यांनी मनूला मोजून दाखवले.

मनूला त्यांनी खांद्यावर घेतलं. वन्संसमोर! मोठ्या बहिणीसमोर आपल्या लेकीला यांनी कधी बोटही लावलं नव्हतं. वन्संच्या ओठांवर बोल आले होते, पण ह्यांच्या तोंडाकडे बघून त्यांनी जपमाळ पुढे ओढली. मनू म्हणाली ‘न्हाई’. ह्यांनी दुरुस्त केलं नाही.

रखमाजीनं बाभळीचं लाकूड तासून आस घातला आहे. दुपारी आंबीकडून वळसा घालून जाऊ म्हणून निघालो. राईपाशी दोन्ही बैल एकदम खाली बसले. चुलीचे दगड तिथेच पडले होते, तडकून तुकडे झालेले. मी तुकडे ओच्यात गोळा करून आणले, राशीवर ठेवले. घरंगळून पायाशी आले. पुन्हा ठेवले. पुन्हा आले.

शेवटी रखमाजीला मीच विचारलं, कुणाचे होते? मग एवढं कळलं: आमच्याच टाकव्याचा भिमाजी, त्याची म्हातारी आई विठाबाई, बायको रतनबाई. आठ वर्षांमागे तापाची साथ आली तेव्हा औषधाला म्हणून तळेगावाकडे निघाले. तिघांनी ओळीनं दगड ठेवले. परतले नाहीत. गावात तीन वर्षांची पोर शेजाऱ्यांकडे ठेवून गेले होते. ती वाट बघून बघून दहाव्या दिवशी गेली.

तीन. भिमाजी, त्याची आई, त्याची बायको.

मी मनूकडे पाहिलं. ह्यांच्या मांडीवर झोपली होती. काळ्या हातानं ते तिचे केस मागे सारत होते, इतक्या हळू —

बुधवार, १७ नोव्हेंबर

पुन्हा चढलो. पुन्हा राशीपाशी बैल थांबले. माझ्या हातानं झालेली तीन भगदाडं मला लांबूनही ओळखू येतात. आज त्यातलं एक भरलेलं आहे. नवा दगड आहे, पिवळसर, वाटोळा. सावलीत असून हाताला कोमट लागला. मी हात काढला नाही. का कुणास ठाऊक, तो काढवेना. नऊ वर्षांचा संसार मी त्या हाताखाली ओळखला.

वन्सं ओढ्यावर गेल्या. त्या सोवळ्यात, पाणी दुसऱ्याच्या हातचं चालत नाही. मी म्हटलं, जाऊ नका, मी येते. म्हणाल्या, तू पोरीजवळ बस, तुझ्या हातचं चालत नाही मला. नऊ वर्षांतलं हे त्यांचं मला शेवटचं —

आल्या. कळशी कमरेवर, तशी त्या कधी घेत नसत. तळहात काळे. झुंबरबाईच्या दारात बसल्या आणि तिनं न देताच तिच्या टोपल्यातली भाकरी मोडून घेतली. वन्संनी! झुंबरबाई भिंतीला चिकटून उभी होती. मग हलकेच म्हणाली, “इठाबाय, तू व्हय गं?” आणि दार लावून घेतलं.

अर्धी भाकरी त्यांनी मनूला भरवली. तीन दिवसांत मनू पहिल्यांदा पोटभर जेवली.

गुरुवार, १८ नोव्हेंबर

मनूला ताप. अंग चटचट भाजतं. वाडीत कुणी दार उघडत नाही. मी दारोदार गेले, पदर पसरला. आतून एकच: जावा म्हाघारी, जावा. कुठे जाऊ?

दुसरं भगदाड भरलं. तिसरं मोकळं आहे. ते माझं.

मला सगळं कळतं. मी गाडीत आहे तोवर गाडी इथेच. मी उतरले की ती जाईल. टाकव्यात पाटलांकडे औषध आहे. रखमाजी ते घेऊन आला, पण आमच्यासाठीचं म्हणून राशीपाशी त्याचाही पाय उचलेना, पुडी पलीकडेच टाकावी लागली. मनू वाचेल. त्या दोघांचं तिच्यावर प्रेम आहे. रात्रभर तिच्या कपाळावर ओला पंचा ठेवत बसले होते, दोन्ही बाजूंना. ती पोर आठ वर्षांपूर्वी अशीच तापली असेल आणि ही दोघं वाटेवर —

पण मग तिची आई म्हणून जी येईल ती मी नसेन.

आणि नाही उतरले तर? मनू इथे, माझ्या मांडीवर, माझीच राहून —

देवा, हा प्रश्न मला का घातलास.

शुक्रवार, १९. पौर्णिमा. सकाळ

ताप उतरत नाही. रात्री मला ओळखलं नाही.

रखमाजी रडतो आहे. म्हणाला, वैनी, तुमचं तुमी ठरवा, मी बैल धरतो.

उतरणार. तिची वेणी घातली. फ्रॉकची गुंडी लावली. तिला गोड आवळा आवडत नाही, तुरट लागतो तोच आवडतो. ‘नाही’ म्हणायला शिकवायचं राहिलंय. कुणाला सांगू हे? ह्यांना सांगितलं. त्या काळ्या हातांच्या ह्यांना. ते मान खाली घालून म्हणाले, व्हय.

तीच, दुपार

उतरले. राशीला टेकून बसले आहे. उजवी-डावीकडे दोन कोमट दगड. पाय दिसतात पण माझे वाटत नाहीत. बोटं अजून चालतात.

बैल उठले. आपणहून. रखमाजीनं चाबूक उचललाही नाही.

गाडीत मनूजवळ तिघं आहेत. दोघं नाही. तिघं. माझं हिरवं लुगडं, माझ्या अंगावर आहे तेच. पाठमोरी आहे. काळ्या हातानं मनूचं डोकं मांडीवर घेतलंय — कपाळावर कपाळ टेकलंय — तसं मी टेकते, तसं कुणालाच —

चाकं फिरली.

मनू हलली. डोळे उघडले. ताप उतरला — इथून कळतं मला, तिचा आवाज मोकळा आला — तिनं हाक मारली, आई —

मी ओ दिली.

तिनंही दिली.

मनू एक क्षण थांबली — दोन्हीकडे पाहिलं — माझ्याकडे, नक्की माझ्याकडे, दगडांकडे नाही — बोटं वळेनात — आणि मग हात पसरून ती