होझियाच्या बाहीवरचं पीठ

६ जुलै १९५७

बाहीवर पीठ. होझियाच्या! कोपराच्या वर, चांगलं बोटभर. मला वाटलं भुसा असेल, पण लाकूडगिरणीत काम करणाऱ्या नवऱ्याचे कपडे धुण्यात माझा जन्म गेला, भुसा मला न बघता कळतो. हे पीठच. मऊ, पांढरं, ताकातल्या फुगीर बिस्किटांचं.

विचारलं. म्हणाला, "दुकानात कुणाचं तरी पोतं उचलून दिलं." कुणाचं? "होतं कुणाचं तरी, व्हर्लीन." आणि हात धुवायला विहिरीवर गेला. हात आधीच स्वच्छ होते. गिरणीतून घरी आलेल्या माणसाचे हात!

पाणी कुठेतरी मुरतंय.

८ जुलै

आज दुपारी सिस्टर बर्डी आली. पाद्रीची बायको म्हणून तिला नाही म्हणता येत नाही. हातात भलं मोठं भांडं — कोंबडीचा रस्सा, त्यात शिजवलेले पिठाचे गोळे. "जास्त झालं गं, बाळ. म्हटलं तुझ्याकडे द्यावं."

बर्डीच्या घरी आजवर काहीही जास्त झालेलं नाही. चर्चच्या जेवणात ती केकची फोड अशी कापते की आरपार दिसावं. रस्सा चांगला होता, पण मला दोन घास गेले. उन्हाळ्यात माझी भूक जातेच. शिवाय एप्रिलात शहरातल्या इस्पितळात पोटातली गाठ काढली, तेव्हापासून अंगात ताकद भरायला वेळ लागतोय. स्कर्टचं बटण पुन्हा आत घेतलं. डॉक्टर मला म्हणाला होता, "आता तू ठणठणीत." एवढंच. होझियाला मात्र बाहेर नेऊन बराच वेळ बोलत बसला — टाके कसे धुवायचे म्हणे. टाके मीच धुतले.

१० जुलै

नेटी शेंगा सोलता सोलता म्हणाली, "डॅडी मिस ओझेलाकडे जातात. मागच्या दारानं."

मी पुढची शेंग सोलली. "कधी गं?"

"गिरणी सुटली की. मी दोनदा पाहिलं. मिस ओझेलानं मला टी-केक दिला आणि म्हणाली, मम्माला सांगू नकोस."

नऊ वर्षांच्या पोरीला खाऊची लाच!

ओझेला पिकेन्स. विधवा. सोन्याचा दात, ऐन उन्हाळ्यात लिपस्टिक, आणि अ‍ॅप्रन असा कडक इस्त्रीचा की त्यात बाई स्वयंपाक करते की फोटो काढायला उभी राहते, कळू नये. आणि बिस्किटं! लाटलेल्या पिठावर ग्लास पालथा दाबून गोल कापताना ती ग्लास पिळते. पिळला की कडा चिकटतात आणि बिस्किट फुगत नाही, चकती होते. माझी आई ग्लास सरळ खाली दाबायची, सरळ वर उचलायची. तशी कापलेली बिस्किटं मधून फोडली की थर सुटतात, वाफ येते, लोणी आपसूक आत जातं. गावात हे कुणाला सांगायची गरज नाही.

म्हणजे होझिया तिकडे बिस्किटांसाठी जात नसणार, एवढं नक्की.

११ जुलै

 वाकड्यात शिरायचं नाही ठरवलं. उलट सगळं त्याच्या आवडीचं केलं — डुकराच्या भाजलेल्या हाडावर सकाळपासून शिजवलेली कोलार्डची पालेभाजी, बिडाच्या तव्यातला मक्याचा पाव, बिस्किटं. बघू तर खरं, पोट कुठे भरून येतो ते.

आणि काय झालं? तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत चुलीजवळ फिरकला नाही तो माणूस! माझ्या हातांकडे टक लावून बघत होता.

"ताक किती घालतेस?"

"लागेल तेवढं."

"म्हणजे किती?"

"पीठ सांगतं."

"आणि चरबी? थंडच लागते का?"

मी वळून पाहिलं तर नजर चुकवली. आता कळलं. तिला हवंय! माझा नवरा तर हवाच, वर माझ्या आईची बिस्किटंही हवीत. आणि हा मुकाट निरोप्या झालाय.

जेवला थोडंच. "भूक नाही फारशी." नसणारच.

१४ जुलै

चर्च. पायरीवर बायका बोलत होत्या, मी आले तशा गप्प. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या — माझी टोपी किती छान, नेटी किती उंच झाली. टोपी चार ईस्टरपूर्वीची.

ओझेलानं मिठी मारली. मला! आणि सोडेना. वर डोळे पुसले. मी तिच्या खांद्यावरून होझियाकडे बघत होते. तो हॅट हातात फिरवत जमिनीकडे बघत होता.

सगळ्या गावाला ठाऊक आहे. मला सोडून. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आले तर ओसरीत तीन भांडी झाकून ठेवलेली. रताळ्याचं गोड, चवळी, मॅकरोनी-चीज. दया. गावानं माझ्या दारात शिजवून आणून ठेवलेली दया! मी एक घास खाल्ला नाही. नेटीनं मात्र मॅकरोनी संपवलं.

१६ जुलै

भांडी परत करायची म्हणून घासायला घेतली. रिकामं भांडं कुणाला परत देत नाहीत, म्हणून टी-केकचं पीठही मळून ठेवलं होतं. थोडं मळलं की बसावं लागतं हल्ली.

बर्डीचं भांडं पालथं केलं. बुडाला चिकटपट्टी. पट्टीवर नाव.

दुसरं पालथं केलं. पट्टी. तिसरं. पट्टी.

मी तिथेच ओल्या हातांनी बसले. शेजारधर्माचं भांडं असतं त्याला पट्टी लावत नाहीत, कुणाचं कुठलं ते सगळ्यांना ठाऊक असतं. पट्टी लावतात ती ज्या घरात खूप भांडी जमणार असतील त्यासाठी. जिथं घरच्या बाईला ती ओळखून परत करायचं भान नसणार. मीही लावली आहे, कैकदा. मयताच्या घरी पाठवताना.

म्हणजे हे ओझेलाचं प्रकरण नव्हेच. किंवा तेही असेल. पण कुणीतरी जाणार आहे.

होझिया. भूक नाही. नजर चुकवतो. डॉक्टरनं त्याला बाहेर नेलं — तेव्हाच तपासलं असणार. छातीत काही असेल. गिरणीच्या भुशानं बऱ्याच जणांची छाती गेली. आणि मी इकडे त्याच्या बाह्या हुंगत बसले!

खूप रडले. मग हेही मनात आलं, की मरायला टेकलेला माणूससुद्धा मागच्या दारानं जाऊ शकतो.

१९ जुलै

गेले. गिरणी सुटायच्या सुमारास, मक्याच्या शेतातून, ओझेलाच्या मागच्या बाजूला. वाटेत दोनदा थांबावं लागलं. खिडकी उघडी होती.

होझियाच्या कमरेला तिचा अ‍ॅप्रन. दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात. ती लांब, टेबलापलीकडे, हाताची घडी घालून.

"अरे, मारामारी करतोयस का त्याच्याशी? हलक्या हातानं!"

"हलक्याच हातानं करतोय."

"ही काय तुझी गिरणी आहे? परवाची तर माझ्या कुत्र्यानंही हुंगून सोडली."

"सगळी मी खाल्ली, मिस ओझेला. टाकायला जीव होत नाही."

"मग चव तुला कळली असेल."

मला हसू फुटलं. तोंडावर हात दाबून धरला. बिस्किटं शिकतोय! माझा नवरा अ‍ॅप्रन बांधून बिस्किटं शिकतोय आणि बिघडलेली खाऊन पोट भरतोय! गेले पंधरवडाभर जो दगड छातीवर होता तो उतरला.

मग ओझेला म्हणाली, "पीठ संपलं बघ." त्यानं कोपऱ्यातलं नवं पोतं एका हातानं उचललं, खांद्यावर टाकलं, टेबलापाशी आणलं. श्वाससुद्धा वाढला नाही.

तशीच परत फिरले. मक्यातून चालताना डोकं चालू होतं. छाती गेलेला माणूस असं पोतं उचलत नाही. ठणठणीत आहे होझिया. मग ज्याच्या घरात रोज आयती बिस्किटं होतात, त्याला ती शिकायची काय गरज पडली? तीही माझ्यापासून लपवून?

आणि भांड्यांना पट्ट्या कशाला?

स्कर्ट कमरेवरून घसरत होता. एका हातानं धरून घरी आले.

२० जुलै

पहाटे त्याला उठवलं, चुलीपाशी उभं केलं, परात पुढे ठेवली.  त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला कळलं की मला कळलंय. म्हणाला, "कापूस निघेपर्यंतच आहेस तू, म्हणाला डॉक्टर." आणि रडायला लागला.

मी म्हटलं, "रडणं मग. आधी ग्लास घे. पिळायचा नाही. ओझेला पिळते. माझ्या पोरीनं चकत्या खायच्या नाहीत."

पहिली दोन त्यानं पिळलीच. तिसऱ्याला मी त्याच्या हातावर हात ठेवला.